भारतीय लायसन्सवर जर्मनीत गाडी: सहा महिने, दोन परीक्षा आणि हाताला लागलेल्या सवयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भारतात नऊ वर्षं गाडी चालवली, जर्मनीत राहायला येऊन चार महिने झाले, जवळ भारतीय लायसन्स आणि वर्षभराचं आंतरराष्ट्रीय परमिट आहे. लायसन्स इथलं करून घेताना क्लास सक्तीचे नाहीत असं कळलंय, तर सरळ परीक्षेलाच बसलं तर काय बिघडलं? शिवाय पत्नीकडेही भारतीय लायसन्स आहे, पण ते काढल्यापासून तिने स्टीअरिंगला फारसा हात लावलेला नाही. तिने काय करावं?

मी इथे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बाहेरच्या देशाचं लायसन्स खिशात घेऊन आलेले बरेच असतात. कायद्याचं विचाराल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, सक्ती नाही. पण परीक्षेच्या गाडीत तुम्हाला सगळ्यात जास्त नडणार आहेत ती हीच नऊ वर्षं. अठरा वर्षांच्या कोऱ्या पोराला मी जे एकदा सांगतो, ते अनुभवी माणसाला दहादा सांगावं लागतं, कारण त्याचा हात डोक्याच्या आधी चालतो.

आधी सहा महिन्यांचं बघू. ही मुदत तुम्ही इथे राहायला लागल्यापासून मोजतात. पत्त्याच्या नोंदणीची, म्हणजे आनमेल्डुंगची तारीख बहुधा तीच धरली जाते. परमिटवर एक वर्ष छापलंय म्हणून मुदत वाढत नाही. परमिट म्हणजे मूळ लायसन्सचं ठरलेल्या नमुन्यातलं भाषांतर. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. मध्ये महिनाभर भारतात जाऊन आलात म्हणून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, हाही एक लाडका गैरसमज आहे. घर इथेच असेल तर तसं होत नाही. मुदतवाढ मिळू शकते ती फक्त अशा माणसाला, ज्याला आपला इथला एकूण मुक्काम बारा महिन्यांच्या आतला आहे हे पटवून देता येतं. तुमची नोकरी कायमची असेल तर तो विषय सोडून द्या.

मुदत उलटल्यावर गाडी चालवणं हे चुकीच्या जागी गाडी लावल्यासारखं, दंड भरून मोकळं होण्याचं प्रकरण नाही. तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे. ज्याने तुम्हाला आपली गाडी चालवायला दिली तो मालकही त्याच कलमाखाली येतो, म्हणून मित्राची गाडी ‘फक्त सुपरमार्केटपर्यंत’ मागताना त्याच्या गळ्यातही आपण काय अडकवतोय याचा विचार करा. अपघात झालाच तर समोरच्याची भरपाई विमा कंपनी देते, पण नंतर ५,००० युरोंपर्यंतची रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते.

एक गोष्ट मात्र जिवाला शांतता देणारी आहे. सहा महिन्यांनी संपतो तो गाडी चालवण्याचा हक्क. लायसन्स बदलून घेण्याचा हक्क संपत नाही. त्यामुळे घाईने, अर्धवट तयारीवर परीक्षा देऊ नका. अर्ज मात्र घाईने करा, कारण कागद हलायला कितीतरी आठवडे, काही शहरांत महिने लागतात.

जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड अशा काही देशांचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं. अमेरिकेचं राज्यागणिक वेगळं आहे. युरोपीय संघातल्या लायसन्सला तर बदलायचीही गरज नाही. भारत या यादीत नाही, म्हणून तुम्हाला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावी लागणार. अर्जाबरोबर डोळे तपासल्याचा दाखला, प्रथमोपचाराचा कोर्स (४५ मिनिटांचे नऊ तास, साधारण एका दिवसात उरकतो), फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं भाषांतर लागतं. भाषांतर ऑटोमोबाईल क्लब किंवा अधिकृत भाषांतरकाराचं हवं. तुमचं स्वतःचं, कितीही चांगलं जर्मन येत असलं तरी, चालत नाही. शेवटी नवं लायसन्स हातात देताना ते भारतीय लायसन्स जमा करून घेतात, तेव्हा त्याची स्वच्छ प्रत आधीच काढून ठेवा.

ड्रायव्हिंग स्कूल मात्र टाळता येत नाही. प्रॅक्टिकल परीक्षा स्कूलच्या दुहेरी पेडलच्या गाडीतच होते आणि प्रशिक्षक शेजारी बसावाच लागतो. म्हणजे क्लास सक्तीचे नसले तरी नाव कुठेतरी नोंदवावंच लागेल, आणि कुठलाही शहाणा प्रशिक्षक तुम्हाला चालवताना पाहिल्याशिवाय परीक्षेला नेणार नाही. नाव नोंदवताना गिअरचं विचारून घ्या. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन्सवर ऑटोमॅटिकपुरतं असं बंधन येऊ शकतं. ते टाळायला बी १९७ नावाची सोय आहे, पण त्यासाठी गिअरच्या गाडीवर किमान दहा तास आणि स्कूलची पंधरा मिनिटांची चाचणी लागते.

थिअरीला ३० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तरांचे गुण साठत जातात आणि दहापर्यंत चालतात, पण पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच असूनही नापास. एका प्रश्नाची एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात आणि ती सगळीच्या सगळी टिपावी लागतात. परीक्षा इंग्रजीतून देता येते; जर्मनखेरीज बारा भाषा आहेत, त्यात भारतातली एकही नाही. हे ‘सामान्य ज्ञानावर होऊन जाईल’ म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते. इथल्या जन्मलेल्या मुलांसकट अलीकडे दर दहा थिअरी परीक्षांतल्या चारांहून जास्त नापास होतात. अ‍ॅपवर सगळे प्रश्न मिळतात, रोज अर्धा तास दिलात तर महिन्या-दीड महिन्यात होतं. पास झाल्यावर बारा महिन्यांत प्रॅक्टिकल पास व्हावी लागते, नाहीतर थिअरी पुन्हा.

आता खरा मुद्दा. प्रॅक्टिकलला साधारण ५५ मिनिटं धरतात, त्यातली निम्म्याहून जास्त प्रत्यक्ष रस्त्यावरची. परीक्षक मागच्या सीटवर टॅब्लेट घेऊन बसतो. सूचना जर्मनमध्ये देतो, पण त्या मोजक्याच असतात: पुढच्या चौकात डावीकडे, इथे गाडी लावा, जिथे जमेल तिथे वळवा. तेवढ्या आधी पाठ करून टाका. भाषेपायी कोणी नापास होताना मी फारसं पाहिलेलं नाही.

नापास होतात ते असे. सिग्नल हिरवा होतो. उजवीकडे वळायचंय. इंडिकेटर दिलेला आहे, गाडी छान पहिल्या गिअरमध्ये निघते, माणूस डावीकडच्या गाड्यांवर नजर ठेवून सफाईने वळायला लागतो आणि प्रशिक्षकाचा पाय ब्रेकवर पडतो. उजव्या हाताला, मागून, सायकलच्या पट्ट्यावरून एक बाई सरळ निघाल्या आहेत. त्यांनाही हिरवा आहे, सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला, आणि तो आपल्याला मिळणारच या भरवशावर त्या वेग कमी करत नाहीत. शिवाय तुम्ही ज्या रस्त्यात शिरणार तो ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांनाही त्याच वेळी हिरवा असतो. प्रशिक्षकाला ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपते. यावरचा उपाय म्हणजे शुल्टरब्लिक: वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, गाडी कडेहून काढण्याआधी, दार उघडण्याआधीसुद्धा आरशात पाहून मग मान वळवून खांद्यावरून एक नजर. परीक्षक तुमची मान बघत असतो. डोळे फिरवलेले त्याला मागून दिसत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे राहत्या वस्तीतले बिनसिग्नलचे, बिनपाटीचे चौक. तिथे नियम एकच: उजवीकडून येणारा आधी. रस्ता अरुंद असो, त्यावरून येणारी गाडी छोटी असो, तुमचा रस्ता मोठा दिसत असो, काही फरक पडत नाही. आपल्याकडचा सवयीचा माणूस चौकात शिरताना समोरच्याच्या बोनेटकडे बघतो, तो थबकतोय का घुसतोय याचा अंदाज घेतो आणि त्यावरून ठरवतो. हे कौशल्य आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण इथे उजवीकडून येणारा थबकतच नाही. त्याला त्याचा हक्क माहीत आहे आणि तुम्हालाही तो माहीत असणार हे त्याने धरून चाललंय. दोघांपैकी एकाने अंदाज घेत आणि दुसऱ्याने भरवशावर चालवलं की धडक ठरलेली. उलटही खरं: उजवीकडे कोणी नाही आणि डावीकडून येणाऱ्यासाठी तुम्ही उगाच थांबलात तर मागचा वैतागतो, डावीकडचा गोंधळतो आणि परीक्षक टॅब्लेटवर काहीतरी नोंदवतो. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर तुमचा रस्ता मुख्य. आडव्या चौकांत तुम्ही कुणासाठी थांबायचं नाही. पाट्या वाचणं हे इथे चालवण्याचा भाग आहे, सजावट नाही.

स्टॉपची पाटी असेल तर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. हाफ क्लचवर रेंगाळत, रस्ता मोकळा बघून सटकलात तर नापास. हॉर्न शहरात फक्त धोक्याच्या वेळी. ‘मी येतोय, सरका’ म्हणून डिपर देणं तर डोक्यातून काढूनच टाका. इथला माणूस त्याचा अर्थ बरेचदा ‘जा, तुला वाट दिली’ असा घेईल आणि तुमच्या समोर येईल. सायकलला ओव्हरटेक करताना शहरात दीड मीटर आणि बाहेर दोन मीटर अंतर लागतं. तेवढं नसेल तर सायकलच्या मागे, सायकलच्या वेगाने, न चिडता. आणि भीतीपोटी ५० च्या रस्त्यावर विनाकारण ३५ ने चालवलंत तर तेही चुकीतच धरतात.

बाजूच्या बदलाची सगळ्यांना भीती वाटते. खरं सांगायचं तर गर्दीत त्याचा त्रास होत नाही, पुढची गाडी तुम्हाला ओढून नेते. पहिले काही दिवस इंडिकेटर द्यायला जाऊन वायपर सुरू होतील, गिअरसाठी डावा हात दारावर आपटेल, एवढंच. धोका असतो रिकाम्या रस्त्यावर. रविवारी सकाळी, पेट्रोल पंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना, समोर एकही गाडी नसताना, डोक्यात बोलणं किंवा फोन चालू असताना हात तुम्हाला अलगद डाव्या बाजूला नेतो. डावीकडे वळून दुसऱ्या रस्त्याला लागतानाही तसंच. मी शिकणाऱ्यांना एकच खूण देतो: चालवणारा डाव्या सीटवर बसतो, म्हणजे तुमचा खांदा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असला पाहिजे. तो फुटपाथकडे आला की काहीतरी चुकलंय.

ऑटोबानची, म्हणजे इथल्या वेगवान महामार्गांची, जेवढी चर्चा होते तेवढे लोक तिथे मरत नाहीत. २०२३ मध्ये जर्मनीत रस्त्यांवर २,८३९ माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त गावांबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यांवर. १०० ची मर्यादा, मध्ये दुभाजक नाही, कडेला झाडं, वळणापलीकडे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मागे अडकल्यावर समोरून येणाऱ्याने थोडं कडेला घ्यावं या हिशोबाने ओव्हरटेक काढणं, हे जिवावर बेतणारं आहे. तो कडेला घेणार नाही, कारण तसं कोणी करेल हे त्याच्या मनातच नाही. मर्यादा १०० म्हणजे वळणावरही १०० असंही नाही, हे बाहेरून आलेल्यांना दरवेळी सांगावं लागतं.

ऑटोबानवर दोन गोष्टी अंगवळणी पाडा. शिरताना जी जोडपट्टी असते तिथेच वेग वाढवायचा, ८०–१०० वर आणायचा, आणि मग आत शिरायचं. पट्टीच्या टोकाला थांबून फट शोधणं सगळ्यात घातक. दुसरी, डाव्या लेनमध्ये जाण्याआधीचा आरसा. तुम्ही १२० ने चाललाय, मागून येणारा २०० ने. दोघांतला फरक ८० चा, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. आरशात २०० मीटरवर ठिपक्याएवढी दिसणारी गाडी नऊ सेकंदांत तुमच्या बंपरवर असते. म्हणून एकदा बघून भागत नाही. बघा, क्षणभर थांबून पुन्हा बघा, ठिपका किती मोठा झाला ते पाहा. अंतराचा साधा नियम: वेगाचा आकडा निम्मा करा, तेवढे मीटर पुढच्या गाडीपासून सोडा. आणि गाड्या तुंबायला लागल्या की रुग्णवाहिकेची वाट न पाहता लगेच रेटुंग्सगासं करायची: सगळ्यात डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे, बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मधली वाट मोकळी. न केल्यास किमान २०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी बंद. आठ पॉइंट झाले की लायसन्स जातं. हातात फोन धरल्याचे १०० युरो आणि एक पॉइंट.

मुलं असतील तर बारा वर्षं किंवा १५० सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर मुलांचं सीट लागतंच, टॅक्सीत का असेना. बर्फाच्या दिवसांत हिवाळी टायर. त्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण हवी, नुसत्या जुन्या ‘एम अ‍ॅण्ड एस’ अक्षरांवर ऑक्टोबर २०२४ पासून भागत नाही.

एक प्रसंग तुम्हाला कधी ना कधी येणार, आणि त्यात भली माणसं सापडतात. पार्किंगमधून गाडी काढताना शेजारच्या गाडीला ओरखडा जातो. मालक आसपास नाही. प्रामाणिक माणूस चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहून वायपरखाली अडकवतो आणि घरी जातो. कायद्याने हे पळून जाणंच ठरतं. पुरेसा वेळ थांबायचं, मालक आला नाही तर तिथूनच पोलिसांना कळवायचं आणि ते सांगतील तसं करायचं. चिठ्ठी हवी तर लावा, पण फोन केल्याशिवाय निघू नका. ओरखड्याचे पैसे विमा देतो. पळून गेल्याचा मात्र खटला होतो आणि लायसन्स जाण्याचीही वेळ येऊ शकते.

तर तुम्ही काय करायचं? उरलेल्या दोन महिन्यांत गाडी चालवायचा हक्क आहे, तो वाया घालवू नका, पण पहिले तीन-चार तास माझ्यासारख्या कुणाबरोबर तरी स्कूलच्या गाडीत करा आणि मगच स्वतःहून चालवा. ४५ मिनिटांच्या तासाला शहराप्रमाणे साधारण ५५ ते ८० युरो पडतात. एकदा नापास झालात तर परीक्षेची फी, स्कूलची फी आणि किमान दोन आठवड्यांची वाट, हे त्याहून महाग आहे. तुमचं प्रोबेशन, म्हणजे नव्या चालकावर जास्त कडक नजर असते तो काळ, मात्र भारतीय लायसन्सच्या तारखेपासून धरतील, म्हणजे दोन वर्षांचा तो काळ तुमच्याबाबतीत केव्हाच संपलेला असेल.

पत्नीबद्दल माझं मत वेगळं आहे. कागदोपत्री त्यांनाही तीच सवलत आहे, पण त्यांनी ती न घेतल्यासारखं शिकावं: वस्तीतले चौक, गावाबाहेरचे रस्ते, ऑटोबान, रात्रीची गाडी, सगळं नव्याने, पूर्ण कोर्स असल्यासारखं. स्कूलला पहिल्याच दिवशी सांगा की लायसन्स आहे पण हात नाही, नाहीतर तुमच्यासारखाच हिशोब लावून त्यांना थेट वर्दळीत नेतील. मुदत संपल्यावर तुम्ही शेजारी बसून त्यांना रस्त्यावर शिकवायचं नाही, ते इथे चालत नाही. त्यासाठी कुंपण घातलेली सरावाची मैदानं असतात, तिथे तासाचे पैसे भरून क्लच आणि पार्किंग घोटून घेता येतं. मोडायच्या सवयी त्यांना कमी असल्याने, शिकायला लागल्यावर त्यांची प्रगती तुमच्यापेक्षा वेगाने होण्याची शक्यता बरीच आहे. अर्ज मात्र दोघांचेही याच आठवड्यात टाका, आणि प्रथमोपचाराचा कोर्स एकाच शनिवारी एकत्र उरकून घ्या.